एक लांब, दोन छोट्या

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. लोक त्यांना पाठीमागे रेडिओकाकू म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्यांना स्वतःलाच ते नाव पसंत होतं. अशा बाईनं सोमवारपासून एक गोष्ट पोटात दाबून ठेवली होती. आज बुधवार उजाडला होता, आणि सकाळचा चहा त्यांच्या कपातच निवला होता.

गोष्ट अशी. सोमवारी सून बाजारात गेली असताना सासूबाईंनी तिच्या कामाच्या खोलीत झाडू फिरवायला घेतला. टेबलाखाली जुन्या कॉम्प्युटरचा डबा होता, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो, आणि त्याच्यामागे बोटभर धूळ. सुनेनं हजारदा बजावलं होतं, डबा हलवायचा असेल तर मला सांगा. पण सासूबाईंना कोणाची वाट बघणं जन्मात जमलं नव्हतं. त्यात कंबर वाकत नव्हती. डब्याच्या मागून मॉनिटरकडे गेलेली जाड वायर हाताला लागली, तीच धरून त्यांनी दोरीनं हट्टी बोकड ओढावा तसा डबा बाहेर ओढला, झाडून घेतलं आणि पायानं परत आत ढकलला.

सून आली, तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा मात्र काळाच राहिला. आणि डब्यातून आवाज आला. कधी ऐकला नव्हता असा, रडका. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली. सून मात्र शांतपणे मॉनिटरचं बटण तपासत होती, कारण तिला तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती तीन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले होते.

म्हणजे त्या घरात आवाज ऐकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच माणसानं डबा बिघडवला होता. मुलगा जहाजावर, महिनाभरानं येणार. विचारणारं कोणी नाही. सासूबाईंनी मनाशी म्हटलं, होईल आपोआप नीट. मग दोन दिवस सून बटण दाबायला गेली की त्या नळ मोठा सोडायच्या, म्हणजे तो रडका आवाज आपल्या तरी कानावर यायला नको.

सुनेनं या दोन दिवसांत काय नाही केलं! वायर बदलून पाहिली. शेजाऱ्यांचा मॉनिटर उचलून आणला, तोही काळाच. डबा उघडून आतली एकेक जोडणी डोळ्यांनी तपासली, सगळं जागच्या जागी दिसत होतं. रात्री ती जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायची. सासूबाईंना ते बघवत नव्हतं, आणि सांगवतही नव्हतं. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी, अशी त्यांची गत झाली होती.

डबा जुना होता, तरी सुनेचं सगळं त्याच्यावर चालायचं. मशीननं कापडावर भरतकाम करायचं तर प्रत्येक टाका कुठून निघून कुठं जाणार, हे आधी कॉम्प्युटरवर मांडावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात, आणि सून पंचिंग करायची. ज्या सॉफ्टवेअरवर करायची त्याची चावी म्हणजे डब्याच्या मागं खोचायचा एक ठोकळा होता, आणि तो बसेल असं भोक नव्या कॉम्प्युटरला नसतंच. तीन आठवडे खपून तिनं नव्या नाट्यगृहाच्या पडद्यासाठी एक झाड काढलं होतं. त्यावर बेचाळीस पक्षी, एकासारखा दुसरा नाही. झाड पूर्ण होतं. त्याची मशीनला कळेल अशी फाइल बनवणं तेवढं राहिलं होतं. पेनड्राइव्हवर तिनं झाडाची प्रत ठेवली होती, शहाणी मुलगी. पण ती प्रत उघडायची कुठं? याच डब्यात.

काल संध्याकाळी भरतकाम कारखान्याची मालकीणबाई स्वतः दारात आली. सुनेसमोर उभी राहून तिनं सगळं सासूबाईंना सांगितलं.

"उद्या बारा वाजता माझी मशीन्स मोकळी होतायत. फाइल आली नाही तर हे काम मी दुसऱ्याला देणार. आणि खरं सांगू का, पुढचीही. फोनवर बोलायची सोय नाही, आणि मेसेज टाइप करत बसायला मला वेळ नाही. काम चांगलंय हो ह्यांचं, पण मी किती दिवस अशी दारात यायचं?"

सुनेनं तिच्या ओठांवरचं सगळं वाचलं होतं. ती फक्त मान हलवून आत गेली. सात वर्षं ती त्या कारखान्याचं काम करत होती, आणि एकदाही तारीख चुकली नव्हती.

म्हणून बुधवारी आठ वाजता सासूबाई चपला अडकवून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याच्या दुकानात उघडे डबे भिंतीपर्यंत रचलेले होते, आणि तो त्यातल्या एकात मान घालून बसला होता.

"पडदा काळा आणि डबा वाजतो," सासूबाई म्हणाल्या.

"कसा वाजतो?"

"वाजतो म्हणजे... वाजतो. डब्यासारखा."

"अहो काकू, डब्यातल्या बोर्डाला पडद्यावर काही दाखवता आलं नाही की तो शिट्ट्या मारून आजार सांगतो. लांब किती, छोट्या किती, त्यावरून कळतं कुठं दुखतंय. कुकरच्या शिट्ट्या मोजता ना? तशाच मोजायच्या. पुस्तिका असेल तर तिच्या शेवटी तक्ता असतो. मला शुक्रवारशिवाय हलता येत नाही."

"आज बाराला काम द्यायचंय तिला."

"मग घरीच बघा. सूनबाई हुशार आहेत, करतील. किती शिट्ट्या ते तेवढं सांगा त्यांना."

"तिला ऐकू येत नाही."

"ते माहितीय की. पण तुम्हाला तर येतं ना?"

त्यानं सहज विचारलं आणि मान परत डब्यात घातली. सासूबाई दुकानाची पायरी उतरल्या. त्यांच्या मनाला ते वाक्य इतकं लागलं, की परत येताना वाटेत भेटलेल्या तीन बायकांपैकी एकीशीही त्या बोलल्या नाहीत. दुपारी गल्लीत चर्चा झाली, रेडिओकाकूंना बरं नाही वाटतं.

सात वर्षांपूर्वी मुलानं हे लग्न ठरवलं तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता: मी घरात बोलायचं कोणाशी? आणि झालं उलटंच. ओठ वाचायचे तर समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं. त्यांच्या नवऱ्यानं पेपरआडून हूं म्हणत जन्म काढला, मुलगा मोबाइलमधून मान वर करत नसे. ही पोरगी मात्र हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे वळायची आणि वाक्य संपेपर्यंत नजर हलवायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंचं बोलणं कोणीतरी पूर्ण ऐकत होतं.

दोघींची एक खूणही ठरली होती. सून पाठमोरी कामात असली की सासूबाई तिच्या खांद्यावर थाप मारायच्या. एक थाप म्हणजे दारावर कोणी आलं. दोन थापा म्हणजे कुकर झाला, गॅस बंद कर. हात लांब दाबून धरला तर मुलाचा फोन. घरातला प्रत्येक आवाज सासूबाईंनी तिच्या खांद्यावर पोचवला होता. या एका आवाजाला तेवढं त्यांनी नळाखाली बुडवलं.

त्या घरी आल्या तेव्हा सून जमिनीवर मांडी घालून डब्यासमोर बसली होती. सासूबाई तिच्यापुढं बसल्या आणि म्हणाल्या, "डबा वाजतोय."

सुनेनं भुवया उंचावल्या. बोटांनी विचारलं, कधीपासून?

"सोमवारपासून. मी झाडताना वायर धरून ओढला. तू चालू केलास तेव्हापासून रडतोय. मला ऐकू येत होतं. मी सांगितलं नाही. तू रागावशील म्हणून नाही सांगितलं, आणि मग एक दिवस गेल्यावर कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून नाही सांगितलं."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिनं जवळची पांढरी पाटी ओढली आणि लिहिलं. अक्षरं एरवी मोत्यासारखी असायची, आज ती पाटीवर आदळत होती. वायर ओढलीत त्याचा राग नाही आई. तुम्हाला ऐकू येत होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मग माझ्यात आणि ह्या भिंतीत फरक काय?

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी नुसते कान पकडले, शाळेतल्या मुलासारखे, आणि तशाच बसून राहिल्या.

सुनेनं पाटी पुसली. घड्याळाकडे पाहिलं, नऊ वाजायला पाच मिनिटं होती. मग उठून कपाटातून एक पुस्तिका काढली. या घरात आलेल्या प्रत्येक यंत्राची पुस्तिका ती जपून ठेवायची, अगदी खलबत्त्याला असती तर तिचीही ठेवली असती. बोर्डाच्या या पुस्तिकेची पानं वापरून मऊ पडली होती. शेवटचं पान तेवढं कोरं करकरीत होतं. त्यावर शिट्ट्यांचा तक्ता होता आणि त्या पानाचा तिला कधी उपयोगच नव्हता.

ती परत खाली बसली, डावं मनगट सासूबाईंसमोर धरलं आणि उजव्या हातानं बटण दाबलं.

सासूबाईंनी डोळे मिटले. पंख्याची घरघर सुरू झाली. मग आवाज आला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तो नीट ऐकला. त्यांनी सुनेचं मनगट दाबून धरलं, आवाज थांबेपर्यंत. मग दोन थापा मारल्या.

सुनेनं डबा बंद केला. पुन्हा चालू केला. लांब एक, छोट्या दोन. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. तीनदा सारखं आल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही तिची रीत होती, आणि सासूबाईंना आज ती फार आवडली. तिनं तक्त्यावर बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबली. ग्राफिक्स कार्ड. म्हणजे चित्र तयार करून मॉनिटरकडे पाठवणारी पट्टी. आणि ओढलेली वायर नेमकी त्याच पट्टीला स्क्रूनं आवळलेली होती!

पुढचा सव्वा तास सासूबाई बसून बघत राहिल्या, आणि असं काम आपल्या घरात सात वर्षं चाललंय हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यांना वाटत राहिलं. सुनेनं आधी भिंतीतून प्लग काढला. मग डब्याच्या उघड्या पत्र्याला तळहात लावून धरला. अंगातली वीज उतरवायची, नाहीतर बोर्ड जळतो, असं तिनं खुणेनं सांगितलं. एका कागदावर डब्याचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू निघेल तो त्या चित्रात त्याच्याच जागी ठेवला. वायर काढण्याआधी ती कुठं होती ते रंगीत पेन्सिलीनं टिपलं. घाई इतकी, बारा इतके जवळ, तरी तिच्या हातांना कसली घाई नव्हती. दोन दिवस डोळ्यांना जे जागच्या जागी दिसत होतं, ते आता तिनं अंगठ्यानं तपासलं. कार्डाचं पुढचं टोक खाचेत बसलेलं होतं, मागचं केसभर वर उचललेलं होतं. एवढंसं अंतर डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याला कळतं.

कार्डाच्या मागची खिटी उघडायला बोट जाईना, म्हणून शेजारची रॅमची पट्टी तिनं आधी काढली. मग कार्ड बाहेर काढलं. त्याच्या कडेचे सोनेरी दात काळपट झाले होते. ते तिनं साध्या खोडरबरनं घासले, मऊ ब्रशनं झटकले, आणि कार्ड परत दाबून बसवलं. खिटी कट्कन लागली. रॅमची पट्टीही परत खोचली. सासूबाईंच्या मनात आलं, ही पोरगी माझ्या लेकाला मिळाली म्हणून लेकाचं नशीब. माझं नशीब त्याहून मोठं, कारण घरी मी असते.

मनगट पुढं आलं. बटण दाबलं.

आवाज आला. लांब. थांबला. परत लांब. परत लांब. थांबेचना.

ही वाईट बातमी होती आणि ती द्यायची पाळी सासूबाईंवरच आली होती. पण त्यांनी एक क्षणही घालवला नाही. मनगट दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, दाबलं, आणि हात हवेत गोल फिरवून सांगितलं, थांबत नाही.

सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत सकाळचा राग थोडा निवळलेला सासूबाईंना स्पष्ट दिसला. मग तक्ता, आणि तक्त्यावरची दुसरी ओळ. रॅम. तिनं कपाळावर हात मारून घेतला, कारण ही चूक तिची स्वतःची होती. पट्टी परत खोचली होती, पण दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्या मिटल्या की नाही ते बघितलं नव्हतं. एक मिटलीच नव्हती. तिनं सासूबाईंसमोर स्वतःचे कान पकडले. सासूबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं.

पट्टी काढली, दात घासले, पुन्हा बसवली. एक कट्, दुसरा कट्. साडेदहा वाजले होते.

तिसऱ्यांदा मनगट पुढं आलं. पंखा घरघरला. एक सेकंद, दोन सेकंद, काहीच नाही. आणि मग, टी. एकच. छोटासा.

"हा! हा आपला रोजचा!" त्या ओरडल्या, आणि मनगटावर एक थाप मारली.

पडदा उजळला होता. अक्षरं धावत होती. पण सून पडद्याकडे बघत नव्हती, ती सासूबाईंच्या ओठांकडे बघत होती. आपल्या जाड, अडखळत्या आवाजात, जो फक्त घरच्यांना कळायचा, तिनं विचारलं, "रोजचा?"

"रोज सकाळी वाजतो की. तू बटण दाबलंस की एकदा टी करतो. मी तिकडं स्वयंपाकघरात ऐकते आणि म्हणते, चला, बसली पोरगी कामाला. मग तुझा चहा टाकते."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

सुनेनं डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला, जसा आपण आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो. मग खुर्चीवर बसली आणि कामाला लागली.

फाइल सव्वाअकराला तयार झाली. पावणेबाराला दोघी कारखान्यात होत्या, सासूबाई धापा टाकत. आत वीस मशीन्स एकदम धडधडत होती. सासूबाईंनी दारातच मालकीणबाईला गाठून बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाहीये. उभ्या जन्मात असा प्रसंग आला नव्हता. तिथं कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. कारागीर एकमेकांशी हातांनी बोलत होते. आणि त्या गर्दीत त्यांची सून भराभर हात चालवत, ह्याला हसून, त्याला रागावून, धाग्याचा रंग बदलायला लावत, माशानं पाण्यात फिरावं तशी फिरत होती. सासूबाई भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

पहिला पक्षी कापडावर उतरला. चोच, मान, मग पंख, एकेक पीस वेगळ्या दिशेनं. मालकीणबाई वाकून बघत होती. सरळ झाली तेव्हा सवयीनं सासूबाईंकडे वळली, पण इथं सासूबाईंशी बोलून काही उपयोग नव्हता. मग ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली, तिच्या डोळ्यांत बघून छातीवर हात ठेवला, आणि पुढच्या कामाचा कागद तिच्याच हातात दिला. बोटांनी विचारलं, किती दिवस? सुनेनं दहा बोटं दाखवली, क्षणभर विचार केला, आणि सासूबाईंकडे डोळे मिचकावून आणखी दोन दाखवली. झाडलोटीचे दोन दिवस तिनं आधीच धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. खोलीत बटण दाबल्याचं त्यांना कळलं. त्यांनी हातातलं काम टाकलं, नळ बंद केला आणि कान दिले. टी.

ओले हात पुसत त्या खोलीच्या दारात गेल्या. पडदा केव्हाच उजळला होता. मशीन सुरू झालंय हे सांगायला आता कोणाची गरज नव्हती. पण सून माउसला हात न लावता, डावं मनगट मागं धरून, वाट बघत बसली होती.